लुमाण्णांची देशभर पंगत

लुमाण्णा रेडिओवर प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत बसतात.

त्यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. विशेष हे की ऐकणारा असतो वडगावात मागाजवळ, नाहीतर पिरनवाडीत चुलीपुढं, आणि लुमाण्णा असतात आमच्या केंद्राच्या खोलीत, बंद दाराआड. रेडिओ एकाच बाजूनं बोलतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. लुमाण्णांनाही कळतं. तरी रोज दुपारी ते माईकजवळ तोंड नेतात आणि विचारतात, "जेवलासा न्हवं? ऊटा आतेनरी?" एकदा मराठीत, एकदा कन्नडात. आणि गप्प बसतात. हात मांडीवर, मान जराशी कललेली. पलीकडून कुणीतरी "व्हय, आत्ताच हात धुतला" म्हणणार आहे अशा थाटात. बऱ्याच वेळानं मान हलवतात, "बरं झालं" म्हणतात, आणि कार्यक्रम पुढं सरकतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी माईक बंद पडला असं समजलो. मी केंद्राचा प्रमुख. प्रमुख म्हणजे किल्ली माझ्याकडं असते. जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला, त्यामुळं यंत्रं हाताळण्याचा आत्मविश्वास दांडगा. मी टेबलाखाली शिरलो, एक वायर उपसली, दुसरी खोचली, तिसरी कुठली होती ते आठवेना. संध्याकाळपर्यंत आमचं केंद्र मुकं होतं. टेबलाखालून बाहेर आलो तर लुमाण्णा अजून मान कलती ठेवून बसलेले. म्हणाले, "सर, जरा थांबायचं हुतं की वो. लोकास्नी घास तरी गिळू द्या."

लुमाण्णा मूळचे नंदगडकडचे. शेती भावबंदांकडं सोडून तरुणपणीच बेळगावला आले आणि बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या नोकरीला लागले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. त्यामुळं त्यांच्या आवाजात अजून फलाट आहे. ते रेडिओवर "लक्ष द्या" म्हणाले की आमची ही स्वयंपाकघरात पिशवी हुडकायला लागते. अशा माणसाला गप्प घरी बसवणं पाप, म्हणून मी त्यांना केंद्रावर आणलं. कार्यक्रमाचं नाव त्यांनीच ठेवलं: पंगत.

नुसतं नाव ठेवून थांबले नाहीत. कार्यक्रमच पंगतीसारखा वाढायला लागले. "आधी मीठ वाढतो," म्हणजे लाईट कुठं जाणार, पाणी कुठं येणार. "आता भाजी," म्हणजे कुणाची शेळी चुकली, कुणाला मागावर कामाला माणूस पाहिजे. गटारीची, रस्त्याची तक्रार आली की "चटणी हाय, बेतानं घ्या." गाणं लागायचं त्याला गोड म्हणायचं. आणि शेवटी, "सावकाश होऊ द्या." एकदा मी हौसेनं पर्यावरणावर भाषण ठोकलं. संपल्यावर लुमाण्णा माईकवर म्हणाले, "ज्यास्नी ह्ये पचलं न्हाय त्यांनी वाईच ताक घ्यावं."

आता दिल्ली कशी आली ते सांगतो.

दिल्लीच्या एका मोठ्या रेडिओ संस्थेतल्या बाई कुणाच्या तरी लग्नाला बेळगावात आल्या होत्या. शहापुरात रिक्षात बसल्या. रिक्षात आमची पंगत चालू होती. लुमाण्णांनी विचारलं, "जेवलासा न्हवं?" आणि रिक्षावाल्यानं हँडल न सोडता रेडिओला उत्तर दिलं, "न्हाय ओ आप्पा, एवढं भाडं सोडतो आन् जातो." बाई चमकल्या. पुढच्या चौकात पानवाला रेडिओला सांगत होता, "झालं झालं, डाळकांदा हुता." बाई रिक्षातून उतरल्या त्या लग्नघरी न जाता आमच्या जिन्यात.

त्यांचं म्हणणं असं: हा कार्यक्रम आठवड्यातून एकदा, रविवारी, आमच्याच खोलीतून थेट देशभर जाईल. फक्त हिंदी मिसळायची.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. राष्ट्रगीत सुरू नव्हतं, पण उठलो खरा. लुमाण्णा मात्र बसूनच होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, देशभर म्हंजी कणकुंबीला लागंल काय?"

सांगायला पाहिजे की आमचा स्वतःचा आवाज फार लांब जात नाही. मनोरा कॉलेजच्या गच्चीवर, तोही माझ्यासारखाच जरा वाकलेला. पिरनवाडी ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की लुमाण्णा खरखरायला लागतात, आणि झाडी दाट झाली की संपतात. कणकुंबी तर पार गोव्याच्या तोंडाला, डोंगरात.

"लागंल म्हणजे?" मी म्हणालो. "कणकुंबी देशातच आहे. भूगोल शिकवलाय मी."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पहिलंही खरं होतं. दिल्लीचा आवाज त्या डोंगरात पोचतो का हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच. पण मी छातीवर हात मारून ठोकून दिलं. लुमाण्णांनी बाईंकडं वळून सांगितलं, "चलता."

बाई दिल्लीला गेल्या आणि मागून एक खोकं आलं. त्या खोक्याची गोष्ट ऐका. ते शांतता पकडतं. थोडा वेळ कुणाचाच आवाज आला नाही की खोक्याला वाटतं, केंद्र मेलं. त्याच्यावर तांबडा दिवा लागतो आणि आतून आपोआप बासरी सुरू होते, म्हणजे ऐकणाऱ्याला कळू नये की इकडं सगळे गेले. लुमाण्णांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम. "माणूस जरा थांबला की आलाच बोंबलत."

पहिल्या तालमीला दिल्लीच्या बाई कानाला फोन लावून तिकडं, आम्ही इकडं. लुमाण्णांनी विचारलं, "जेवलासा न्हवं? ऊटा आतेनरी? खाना हुआ क्या?" आणि मान कलती केली. मुकादमाचा दिवा तांबडा झाला. बासरी.

"ह्यो कोण पंगतीत पिपाणी वाजवाय लागलाय?" लुमाण्णा ओरडले.

"लुमान्ना जी, आप चुप क्यों हो गए?" फोनमधून बाई.

"पूच्छे तो ठैरना नै पडता क्या, बाई?"

"लेकिन जवाब तो आएगा नहीं।"

"आता की! हमकू सुनाई नै देता, वो अलग."

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, सवाल ठेवा, थांबणं काढा. शिवाय सगळा देश एकाच वेळी जेवत नाही.

"वोच तो पूछना है," लुमाण्णा म्हणाले, "भुक्का कौन है."

फोन बराच वेळ चालला. शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं: थांबणं गेलं तरच कार्यक्रम देशभर जाईल. लुमाण्णांनी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "मग दिल्ली ऱ्हाऊ द्या."

मी त्यांच्या मागं जिना उतरलो. माझा राष्ट्रीय कार्यक्रम चपला घालून निघाला होता! मी सोयऱ्याधायऱ्यांना सांगून बसलो होतो. मेहुण्यानं तर नवा रेडिओ आणला होता. खाली चहाच्या गाड्यावर लुमाण्णांना गाठलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "अहो, चार घटका गप्प बसण्यात एवढं सोनं काय आहे?"

त्यांनी चहा बशीत ओतला. पिऊन टाकला. मग म्हणाले, "कणकुंबीला माझी आक्का असती."

यल्लूआक्का. थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच लुमाण्णांना घास भरवून वाढवलं. लग्न होऊन कणकुंबीला गेली, पुढं नवरा गेला, एकटीच राहिली. लुमाण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं, पोरगा निपाणीचा, तेव्हा आक्का सगळ्यांच्या आधी येऊन पोचली होती. गव्हाची खीर ढवळायला तीच उभी.

"लग्नात माईक माझ्याकडंच," लुमाण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात देतोय मी? एकेकाचं नाव घेऊन पंगतीला बोलवाय लागलो. निपानीचं पावणं, चला. नंदगडचं भावबंद, चला. बँडवाल्यास्नी बोलावलं. मंडपवाल्याला बोलावलं. गाडीच्या डायवरला तर दोनदा बोलावलं, त्यो झोपलाता म्हणून."

"मग?"

"आक्काचं नाव घेतलं न्हाय."

आमच्याकडं घरच्या माणसानंही पंगतीला आपणहून बसायचं नसतं. कुणीतरी "चला" म्हणायचं असतं. आक्का मागच्या सोप्यात बसून राहिली. भावाच्या आवाजात आपलं नाव येईल म्हणून ऐकत राहिली. सगळ्या पंगती उठल्या, खीर संपली, आणि ती पिशवी घेऊन संध्याकाळच्या गाडीनं उपाशी कणकुंबीला परत गेली.

"आन् ती गाडी जन्मभर मीच पुकारली बघा," लुमाण्णा म्हणाले.

नंतर ते एकदा कणकुंबीला जाऊन आले होते. आक्कानं तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाली, "जेवून आला असशील." विचारलं नाही, सांगितलं. लुमाण्णा पाणी पिऊन परतले. त्यानंतर कणकुंबीची गाडी त्यांनी नुसती पुकारली, बसले कधी नाहीत.

"तोंडावर जाऊन इचारायला धीर हुईना सर. म्हणलं, माईकवर चुकलं तर माईकवरच इचारावं. समद्यास्नी इचारतो, त्यात तीबी आली. पर आपला आवाज जातोय पिरनवाडीपतूर." त्यांनी बशी पालथी घातली. "आता दिल्ली म्हंत्या, इचार आन् पुढं पळ. बोलवायचं आन् थांबायचं न्हाय, आसं कुठं आसतंय व्हय? त्येच तर झालतं की."

मी दुसरा चहा सांगितला. काही सुचत नसलं की मी चहा सांगतो.

मग माझ्या सुपीक डोक्यातून युक्त्या निघायला लागल्या. मुकादमाला आवाज पाहिजे ना? मग लुमाण्णा थांबतील तेवढा वेळ मी खोकायचं. बाईंकडं हात जोडून अजून एक तालीम मागून घेतली आणि खोकलो. दिल्लीहून विचारणा, तुमच्याकडं कुणी आजारी आहे का. मग पंखा सुरू केला. लुमाण्णांचे कागद उडाले आणि कुणाची तरी चुकलेली शेळी खिडकीबाहेर गेली. शेवटी लुमाण्णाच म्हणाले, "पंगतीत कुणी बोलत नसलं तर कशाचा आवाज येतोय?"

बादलीतल्या डावाचा! वाढपी आमटीच्या बादलीत डाव फिरवत उभा असतो, तो आवाज.

तर चित्र असं: राष्ट्रीय प्रसारण, माईकपुढं लुमाण्णा, आणि टेबलाखाली मी, भूगोलाचा माजी प्राध्यापक, स्टीलच्या बादलीत पाणी घेऊन त्यात डाव ढवळतोय. खळ्ळ, खण्ण. खळ्ळ, खण्ण. मुकादमाचा दिवा हिरवाच. फोनमधून बाई आनंदून म्हणाल्या, "वाह! ये कौन सा वाद्य है?"

"हमारे सर का है," लुमाण्णांनी सांगितलं.

थांबणं मंजूर झालं.

रविवार उजाडला. जिन्यात गर्दी, मेहुणा हारासकट हजर. मी बादली घेऊन आत जाताना लोकांना वाटलं, फरशी पुसायला चाललोय. मीही खुलासा केला नाही.

लुमाण्णा धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी घालून बसले होते. रेडिओवर टोपी दिसत नाही हे सांगून उपयोग नव्हता. खूण झाली. त्यांनी माईकजवळ तोंड नेलं.

"लक्ष द्या. पंगत बसलीया. जेवलासा न्हवं? ऊटा आतेनरी? खाना हुआ क्या?"

मी ढवळायला लागलो. खळ्ळ, खण्ण. मनात म्हटलं, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत माझा डाव ऐकू जातोय. लुमाण्णांनी मान कलती केली. थांबले. आता "बरं झालं" म्हणतील म्हणून मी डाव काढायला लागलो, तर ते परत माईककडं वाकले. आवाज फलाटावरचा नव्हता. मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आक्का," ते म्हणाले, "जेवलीस काय गं?"

आणि थांबले.

आता मला सांगा, अशा वेळी कुठल्या माणसाचा हात चालतो? माझा थांबला. डाव पाण्यात तसाच. मी टेबलाखालून लुमाण्णांच्या पायांकडं बघत बसलो. त्यांचे अंगठे वळले होते, पंगतीत उकिडवं बसलेल्या पोराचे वळतात तसे. आणि वर मुकादमाचा दिवा तांबडा झाला.

बासरी. देशभर.

मी दचकून उठलो. डोकं टेबलाला, पाय बादलीत. पाणी पँटीत शिरलं. लुमाण्णांनी कसंबसं "बरं झालं" म्हटलं आणि मीठ वाढायला घेतलं, पण आवाजातली चव गेली होती. बाकीचा कार्यक्रम मी ओल्या पायानं ऐकला.

दिल्लीला सगळं पसंत पडलं. बाईंचा फोन आला की बासरीची जागा तर अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्यानं हार घालायला मला हुडकलं तेव्हा मी गच्चीवर पँट वाळवत होतो.

लुमाण्णा मात्र माझ्याशी बोलेनात. दुसऱ्या दिवशी आले, पंगत वाढली आणि चपला घालताना एवढंच म्हणाले, "ती उत्तर द्यायला तोंड उघडली आसंल, आन् आपण पिपाणी लावली."

"अहो, पोचलं असेल का तरी कणकुंबीला?" मी चाचरत विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी भूगोल शिकवलाय न्हवं?"

त्यानंतर ते रोज पंगत संपली की बसस्टँडवर जायला लागले. "पाय मोकळं करून येतो" म्हणत. पाय नेमके कणकुंबीची गाडी लागते त्याच फलाटावर मोकळे होत. एकदा मी मागून गेलो. लुमाण्णा खांबाला टेकून उभे होते आणि उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघत होते. नव्या पुकारणाऱ्यानं गाडीचं नाव घाईघाईनं घेतलं तसे पुटपुटले, "जरा थांब की रं पुकारून. म्हातारी माणसं आसत्यात."

पुढचा रविवार आला आणि गेला. लुमाण्णांनी देशाला विचारलं, आक्काला नाही. मी इमानानं ढवळलं.

आणि मग एका दुपारी, पंगतीची वेळ होत आलेली असताना, जिन्यावर बूट वाजले. खाकीतला एक कंडक्टर दारात उभा. हातात पितळी डबा, फडक्यात बांधलेला.

"लुमाण्णा कोण?"

"मी," लुमाण्णा डब्याकडं बघत पुटपुटले, म्हणून मीही म्हणालो, "हे."

"कणकुंबीच्या आजीनं दिलाय. सांडू नको म्हणून मांडीवर घेऊन आलोय बघा, तिकिटं एका हातानं फाडली." डबा टेबलावर ठेवून त्यानं घाम पुसला. "आन् निरोप हाय. मी जेवले म्हणावं."

लुमाण्णांनी फडक्याच्या गाठीवर हात ठेवला.

"आनि म्हणाली, त्यो पिपाणी वाजवणारा कोण मुडदा हाय त्याला आवरा. तिचं बोलणं पुरतं झालं न्हाय म्हणं."

मी बादलीकडं बघितलं.

"आन् शेवटचं," कंडक्टर निघता निघता वळला. "त्यो समद्या देशाला इचारतोय, त्यो सोता जेवला काय, म्हणून इचारलंय. मला उत्तर घिऊन बोलावलंय उद्या. काय सांगू?"

लुमाण्णांनी फडकं सोडलं. डब्यात खपली गव्हाची खीर होती, वर खोबऱ्याचा कीस. खोलीत वेलदोड्याचा वास पसरला. भिंतीवर लुमाण्णांनीच लावलेली पाटी आहे: हिथं कुणी खाऊ नये. ती आम्ही तिघांनी वाचली.

"थांब जरा," लुमाण्णा कंडक्टरला म्हणाले. "जेवून सांगतो."

तेवढ्यात पंगतीची वेळ झाली. मी खूण केली. दिल्ली नाही, आपली रोजचीच, पिरनवाडीपर्यंतची. लुमाण्णा माईककडं सरकले, डबा मांडीवर घेऊन. "जेवलासा न्हवं? ऊटा आतेनरी?" म्हणाले आणि मान कलती केली.

मुकादम आता रोजच जोडलेला असायचा, म्हणून मी सवयीनं टेबलाखाली शिरलो, डाव हातात घेतला. पण ढवळायची गरज पडली नाही. माझ्या कानावरच्या यंत्रात एक आवाज येत होता, सावकाश, ओलसर. लुमाण्णा खीर खात होते. मधे एकदा थांबले, नाक ओढलं, परत खायला लागले.

मुकादमाचा दिवा हिरवाच राहिला. कंडक्टर दाराला टेकून उभा होता. मी डाव बाजूला ठेवला आणि टेबलाखालीच बसून राहिलो.